मेस्तरींचं लिस्बन

मेस्तरी उलटे चालायचे. म्हणजे तोंड आपल्याकडे, पाठ रस्त्याकडे आणि एक हात वर. हातात फूटपट्टी. दहा-बारा पावलं गेली की थांबायचे आणि म्हणायचे, "लक्ष द्या, पुढं पायरी हाय."

आता आखातातल्या, मआमीरच्या आमच्या कॅम्पात पायरी औषधालासुद्धा नव्हती. केबिनींच्या दोन रांगा, मधे वाळू, आणि वाळूच्या पलीकडे आणखी वाळू. तरी मेस्तरींनी "पायरी हाय" म्हटलं की माणसं पाय उचलायची. मीसुद्धा उचललाय. खोटं कशाला सांगू?

मेस्तरी सुतार. रेवदंड्याचे. वय पन्नाशीचं, बांधा काटक, कानामागे पेन्सिल. मी त्याच कंपनीत टाइमकीपर. कोण किती वाजता आला आणि कोण संडासच्या नावानं झोपला, हे लिहायचं माझं काम. राहायला दोघं एकाच केबिनीत. त्यांची कॉट खिडकीशी, माझी दाराशी, मधे एवढीशी जागा.

तर हे लिस्बन. सत्तर सालानंतर मनामात बँकांची रीघ लागली होती. त्यातल्या एका बँकेचं आतलं लाकडाचं काम आमच्या कंपनीकडं होतं. नक्षीची तावदानं लिस्बनच्या एका कारखान्यात बनत होती. ती बसवायची कशी, हे शिकून यायला इंग्रज फोरमन आणि मेस्तरी आठ दिवस तिकडं गेले. शेवटच्या दिवशी फोरमनचं पोट बिघडलं. त्यानं स्वतःसाठी काढलेलं तिकीट मेस्तरींच्या हातात दिलं. जुन्या शहरातून पायी फेरी, गाइडसकट, दोन तास.

बास. एवढेच दोन तास. मेस्तरींना ते आयुष्यभर पुरले असते. मी पुरू दिले नाहीत.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की मेस्तरी दोन केबिनींच्या मधल्या सावलीत उभे राहायचे. टाय लावलेला एक म्हातारा गाइड त्यांना भेटला होता, तो असाच उलटा चालायचा. मग आमच्या केबिनी व्हायच्या लिस्बनची घरं, वाळत घातलेल्या लुंग्या व्हायच्या तिथल्या गल्लीतल्या चादरी, आणि पाण्याची टाकी व्हायची चर्च.

"मेस्तरी, तुमचं इंग्रजी येस-नोच्या पुढं जात नाही," आमचा ड्रायव्हर शकील म्हणायचा. तो रत्नागिरीचा. "मग त्या म्हाताऱ्याचं कळलं काय तुम्हाला?"

"इंग्रजी न्हाय कळली. दुसरी कळली."

"दुसरी कंची?"

"आपलीच." मेस्तरी थांबायचे. ह्या जागी ते नेहमी थांबायचे. "म्हातारा बोलता बोलता घसरायचा, मधीच आपल्या भाषेत जायचा. एका घराकडं हात केलान आन बोलला, जनेला. मी बोललो, जनेल? तो बोलला, जनेला, जनेला! आरं, आमची आजी खिडकीला जनेल बोलायची! म्हटलं, ही बया हितं कधी आल्ती?"

मग बालदी निघायची, मग बटाटा, मग साबण, सगळे तिकडचेच शब्द. रेवदंड्याला पोर्तुगीज राहून गेलेले, खाडीपलीकडच्या कोर्लईत अजून त्यांच्यासारखं बोलणारी माणसं आहेत, हे सगळं ते सांगायचे. आम्ही कुठलं ऐकतोय.

आणि शेवटी ते. गाइडनं विचारलं, तू काय काम करतोस? मेस्तरींना इंग्रजी शब्द आठवेना. त्यांनी आपले हात पुढं केले. डाव्या अंगठ्यावर पटाशीची जुनी खूण होती. म्हाताऱ्यानं तो अंगठा धरला, खूण बघितली आणि म्हणाला, "मेश्त्र!"

"सगळ्यांसमोर बोलला," मेस्तरी सांगायचे. "इंडियन न्हाय बोलला, लेबर न्हाय बोलला. मेस्तरी बोलला. माझं नावच जसं काय ठाऊक होतं."

आता माझ्याविषयी दोन शब्द. मी इस्लामपूरचा. शाळेत अभ्यासात ढ, पण गॅदरिंगला हेडमास्तरांची नक्कल केली आणि हेडमास्तरच खुर्चीवरून पडायचे राहिले. तेव्हापासून मला एकच नाद. माणूस भेटला की आधी त्याचा आवाज चोरायचा. फोरमन माझ्याकडे होता, कॅन्टीनचा मलबारी कुक होता, "इंशाल्ला बुकरा" म्हणून रोज उद्यावर ढकलणारा व्हिसा ऑफिसचा बाबू होता. पण हुकमी एक्का म्हणजे मेस्तरी. फूटपट्टी वर केली की हशा. "लक्ष द्या" म्हटलं की टाळ्या.

हशाची एक गंमत असते, तो पुढच्या वेळी थोडा कमी येतो. मग मी मालमसाला घालायला लागलो. मी एक जाडी मडम आणली. तिची टोपी वाऱ्यानं उडून ट्रामवर बसली. मेस्तरी त्या टोपीमागे उलटे पळाले. म्हाताऱ्या गाइडला मी तोतरा केला, "ज-ज-जनेला." हे मेस्तरींनी कधीच सांगितलं नव्हतं. पण ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?

पहिल्यांदा मेस्तरींनी स्वतः बघितलं, तेव्हा मडम अजून जन्माला यायची होती. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यापरास बरा करतोस रं," म्हणाले.

उम्म अल हस्समला नाईक साहेबांचा फ्लॅट होता. साहेब कंपनीत अकाउंट्सला. महिन्यातून एका शुक्रवारी तिथं आम्ही मराठी मंडळी जमायचो, वहिनी पोहे करायच्या. तिथं एकदा साहेबांनी मेस्तरींना विचारलं, "सनाबिसच्या पुढं समुद्रावर पोर्तुगिजांचा किल्ला आहे ना? पुढच्या महिन्यात सगळे जाऊ. तुम्ही गाइड व्हा. तुमच्या लिस्बनसारखं."

मेस्तरींनी चहाची बशी खाली ठेवली. "मी?"

"मग काय, आम्ही बघितलंय का लिस्बन?"

त्यानंतरचे तीन शुक्रवार मेस्तरी केबिनीत नव्हते. शकीलच्या पिकअपमधून किल्ल्यावर जायचे. किल्ला कसला, पडझड झालेल्या भिंती आणि ढिगारे. पण त्यांनी दगड हातानं चाचपले, कमानी मापल्या, तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला आपल्या मोडक्या अरबीत प्रश्न विचारले. वहीत नकाशा काढला. कुठं थांबायचं, कुठं वळायचं. एका जागी गोल करून लिहिलं होतं, पायरी. ह्या वेळी खरोखरची.

एक दिवस शर्टाला इस्त्री करता करता मला म्हणाले, "आमच्या रेवदंड्याला असाच किल्ला पडलाय. तटावर गुरं चरतात. आमच्या बाईचा जन्म गेला त्या तटाखाली, पण तिला ठाऊक न्हाय काय हाय ते. आता सुट्टीला गेलो का तिला आन पोरीला चालवत नेणार. पार या टोकाच्या त्या टोकाला. लिस्बन पण सांगणार. लिस्बन अजून घरी सांगितलं न्हाय मी."

"का हो? पत्रात लिहायचं."

"पत्रात काय कळतंय? चालत सांगायचं असतं ते. हितं जमलं तर तिथं जमंल."

मी हे ऐकलं. नीट ऐकलं, बरं का. त्या वाक्यातला हेल कुठं वर जातो ते मी मनात टिपून पण ठेवलं.

तो शुक्रवार आला. मेस्तरी सकाळीच दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन पिकअपमधून पुढं गेले होते. आम्ही वीसेक माणसं, बायकापोरं धरून, मिनीबसमध्ये. चालवायला शकील. मनामा मागं पडलं तशी नाईक वहिनी म्हणाल्या, "अहो, बसमधे एवढं शांत का? करा की तुमचं काहीतरी."

"काय करू?"

"मेस्तरी!" मागून चार आवाज आले.

मी उठलो. सीटांच्या मधल्या जागेत उलटा चालायला लागलो. शकीलनं आरशातून बघत म्हटलं, "आज नको रे. ते तिथं उभे असतील." पण आवाज मोठा नव्हता त्याचा, आणि माझा होता. मी सगळं केलं. पायरी, जनेल, बालदी, मडम, टोपी, ट्राम. अंगठासुद्धा केला. अंगठा मी आधी कधी केला नव्हता. "मेश्त्र!" म्हणून मी शकीलचा अंगठा धरला आणि बस डोक्यावर घेतली लोकांनी.

किल्ल्यापाशी मेस्तरी उभे होते. इस्त्रीचा शर्ट आणि टाय. टाय कुणाकडून आणला कोण जाणे, बेंबीपर्यंत आला होता. त्यांनी फूटपट्टी वर केली.

"नमस्कार मंडळी. लक्ष द्या..."

झालं. खसखस पिकली. मेस्तरी पण हसले. त्यांना वाटलं, सहलीचा आनंद आहे. ते उलटे चालायला लागले, भिंतीची जाडी सांगायला लागले. पोरं त्यांच्या मागेपुढे उड्या मारत होती. "अंकल, से जनेल! से जनेल!"

"सांगतो, सांगतो. ते पुढं हाय," मेस्तरी म्हणाले.

तेवढ्यात साहेबांची धाकटी, सातेक वर्षांची, त्यांचा हात ओढून म्हणाली, "अंकल, व्हेअर इज द लेडीज हॅट?"

"कुणाची हॅट, बाळा?"

"द फॅट लेडी! ऑन द ट्राम!"

मेस्तरींनी तिच्याकडे बघितलं. मग सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून. मग माझ्याकडे. मी चटकन बुटाची लेस बांधायला वाकलो. माझ्या पायात चपला होत्या.

तरी ते थांबले नाहीत हो. मला अजून कळत नाही कसे ते, पण पुढं गेले. आवाज बारीक झाला होता. कमानीपाशी आले आणि म्हणाले, "लक्ष द्या, पुढं पायरी हाय."

एवढा मोठा हशा मी माझ्या कुठल्याही प्रयोगाला मिळवला नव्हता. वहिनी तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि हसता हसता त्यांचा पाय खाली गेला. पायरी होती. वहीत गोल केलेली, तीच.

घोटा मुरगळला. वहिनी खाली बसल्या, पोरगी रडायला लागली. साहेब धावत आले. "काय हो मेस्तरी! बघून चालवायचं ना माणसांना. बायकामुलं आहेत बरोबर!"

मेस्तरी म्हणाले, "मी बोललो होतो, साहेब."

"काय बोललात? हसवत काय होता मग?"

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, ते नाही, मी हसवलं. मला जगातल्या सगळ्यांचे आवाज काढता येत होते. त्या वेळी माझा काही निघाला नाही.

मेस्तरींनी टाय सोडला, घडी करून खिशात ठेवला. "खलास," म्हणाले. "बाकीचं तुमचं तुम्ही बघा." आणि पिकअपकडं गेले.

दोन दिवस मी वाट बघितली, ते चिडतील, शिव्या देतील. काही नाही. तिसऱ्या दिवशी मी वर्कशॉपात गेलो. ते रंधा मारत होते. माफी मागायची म्हणून गेलो होतो, आणि भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा, ती मी त्यांच्याच आवाजात मागितली. "चुकलं रं माझं. लक्षच न्हाय दिलं मी." वाटलं, हसतील, मिटेल.

रंधा थांबला. "चांगला करतोस," ते म्हणाले. परत रंधा सुरू झाला.

लिस्बन त्यानंतर कॅम्पात निघालं नाही. शुक्रवारी मेस्तरी जेवून भिंतीकडं तोंड करून पडायचे. नवीन आलेली पोरं विचारायची, "मेस्तरी, तुम्ही युरोपला गेलता म्हणे?" तर म्हणायचे, "कामाला गेल्तो." दीड वर्षानं ते कायमचे घरी गेले. मी साइटवर होतो. आलो तर त्यांच्या कॉटवर एक नेपाळी पोरगा झोपला होता.

गेल्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा रेवदंड्याला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये घोकत होतो, माझ्याच आवाजात. घर सापडलं. नारळाच्या वाडीत, तटाला लागून. मेस्तरी आदल्या वर्षी गेले होते. छातीत दुखतंय म्हणाले, अलिबागला नेईपर्यंत संपले.

मेस्तरींच्या बायकोनं, काकींनी, मला ओसरीवर बसवलं. मुलगी शाळेत मास्तरीण आहे, ती पण येऊन बसली. मी म्हणालो, "तुम्हाला ते किल्ल्यावर घेऊन गेले असतील ना? चालत?"

"ते? किल्ल्यावर कशाला जातील?" काकी म्हणाल्या. मग आठवून, "ते विमानानं कुठं लांब गेल्ते ना एकदा, गोऱ्यांच्या मुलखात? आमाला कधी बोलले न्हाय. तुमाला बोलले असतील. सांगा की."

मायलेकी माझ्याकडे बघत राहिल्या. मला अख्खे दोन तास पाठ होते. श्वासासकट. मी तोंड उघडलं आणि अडकलो. म्हातारा तोतरा होता का? नाही, तो मी केला. चर्चच्या घंटेचं काय म्हणाले होते ते? की घंटा पण माझीच? उतारावरची ती म्हातारी, मासे तळणारी? मी एकेक उचलून बघत होतो आणि प्रत्येकावर माझेच हात लागलेले. खात्रीचं म्हणून जे उरलं ते मी सांगितलं. आठ दिवस सांगितले. जनेल सांगितलं. अंगठा सांगितला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

अंगठ्याचं ऐकून मुलगी उठून आत गेली. काकी बसून राहिल्या.

"आठ दिवस होते तिथं," त्या म्हणाल्या. "जेवले काय? त्यांना भात लागायचा. मिळाला का?"

मला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. मारायची म्हटली तर थाप जिभेवर होती, चांगली वाफ येणाऱ्या भाताची. मी मान हलवली.

"ठाऊक नाही, काकी."

"न्हाय?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुमी तर एका खोलीत होता ना?"

"हो," मी म्हणालो. "चार वर्षं."