अप्पांच्या दोन किटल्या

समुद्रावरून आलेल्या माणसानं दारातल्या गोड्या पाण्यानं पाय धुवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा, असा गिरगावातल्या तळपद्यांच्या घरचा नियम होता. खारं पाणी सगळं खातं, अप्पा म्हणत. खिडक्यांचे गज खातं, भिंती खातं. कालिंदी लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूनं तिला दाराशी तांब्या भरून ठेवायला शिकवलं. सासू गेली, तरी तांब्या राहिला.

घराची जुनी इस्टेट केव्हाच गेली होती. उरली होती ती अप्पांच्या वडिलांनी हौसेनं बांधून घेतलेली सागवानी होडी. ती कफ परेडच्या कोळ्यांच्या वस्तीत, दौलत कोळ्याच्या नजरेखाली असे. रविवारी अप्पा आणि माधव, म्हणजे कालिंदीचा नवरा, तिच्यातून फिरून येत आणि येताना ताजे बोंबील आणत. अप्पा गोदीतल्या कारकुनीतून सुटले, तेव्हापासून तर होडी हीच त्यांची कचेरी झाली.

माधवनं संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात नाव दिलं, त्या सकाळी बापलेकांचं वाजलं. जन्मभर सरकारची चाकरी केलेल्या घरातलं कोणी तुरुंगात जायचं नाही, असं अप्पांचं म्हणणं. माधव गेला. जाताना बापासमोरच बायकोला म्हणाला, "अप्पांना सांग, होडीकडे बघा."

अप्पा तुरुंगात भेटीला एकदाही गेले नाहीत. कालिंदी निघाली की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. पण होडीकडे मात्र रोज जाऊ लागले. ती किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेली होती. सकाळी नळाचं पाणी आलं की कालिंदी झाकणाच्या दोन किटल्या भरून देई. त्या घेऊन अप्पा ट्रामनं कुलाब्याला जात, होडी आतून-बाहेरून धूत, देवघरातल्या मूर्ती पुसाव्यात तशी पुसत आणि ताडपत्री पुन्हा घट्ट आवळत. ट्रामचा कंडक्टर विचारी, "काय अप्पा, दर्याला दूध पाजायला निघालात?" अप्पा हसत नसत.

माधव सुटणार असल्याचं कळलं, तेव्हा अप्पा तापानं पडले होते. होडी तेल लावून तयार ठेवायला हवी, त्यानं आल्या आल्या ती पाण्यात घातली पाहिजे, एवढंच ते बोलले. लेकाला द्यायला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं, हे कालिंदीला कळत होतं. दौलतला निरोप द्यायला तीच गेली.

दौलतनं ताडपत्री काढली आणि तिच्या नाकात ओळखीचा वास शिरला. घरच्या मोरीची लाकडी चौकट बदलली, तेव्हा तिच्याखालून असाच आंबूस वास आला होता.

"दौलतभाऊ, हे कुजलंय."

दौलतनं आतल्या एका बरगडीत टोचा घातला. शिळ्या भिजल्या भाकरीत बोट जावं तसा तो मुठीपर्यंत गेला. बाहेरच्या फळ्या ठणठणीत होत्या. त्यांना धरून ठेवणाऱ्या बरगड्यांचा मात्र भुसा झाला होता.

दौलत वाळूकडे बघत राहिला. खारं पाणी लाकडाला राखतं, गोडं पाणी आत साचून राहिलं की कुजवतं, हे आपल्याला ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या माणसाचं तेवढंच एक चाललेलं, त्यात हात कसा घालायचा, असं तो पुटपुटला. बोलायला हवं होतंत, हे शब्द कालिंदीच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. किटल्या रोज तिनंच भरल्या होत्या.

"वैनी, किडा लागला असा बोलू," दौलत म्हणाला. "म्हाताऱ्याला कशाला दुखवाचा?"

वाटभर तिला ते पटलं होतं. पण घरी पोचली तर अप्पा अंथरुणातून उठून, एका हातानं भिंत धरून नळाखाली किटली भरत होते. आता खोटं बोललं तर हेच पाणी उद्या नव्या लाकडावर पडणार.

"अप्पा, ते पाणी नेऊ नका. त्यानंच होडी कुजली."

अप्पांनी नळ बंद केला. किटली हातात घेऊनच ते मोरीच्या कट्ट्यावर बसले.

"किती?"

"आतल्या बहुतेक सगळ्या बरगड्या. तळाचा कणा शाबूत आहे."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताप उतरल्यावर मात्र दौलतशेजारी जाऊन बसले. कुजकं लाकूड टणक लागेपर्यंत काढावं लागतं. जरासं मागे राहिलं तर नव्यालाही लागतं. ते सगळं अप्पांनी स्वतःच्या हातानं, पटाशीनं काढलं. दौलतनं बाभळीच्या मुळातच वाकड्या फांद्या बघून आणल्या आणि त्यांच्या नव्या बरगड्या तांब्याच्या खिळ्यांनी बसवल्या. शेवटी बरगड्यांमधल्या खाचांत जाडं मीठ ठासायचं होतं. कालिंदीनं घरची बरणी नेली. जन्मभर खारं दाराबाहेर धुऊन टाकणाऱ्या अप्पांनी ते मीठ ओंजळीनं भरलं.

माधव सुटला तो वाळून आला होता. कालिंदी त्याला थेट किनाऱ्यावर घेऊन गेली. तो होडीत चढला, नव्या लाकडावरून हात फिरवत थांबला. हे कशानं झालं, असं त्यानं दौलतला विचारलं. दौलत तोंड उघडणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, "मी कुजवली. रोज येऊन गोडं पाणी घालत होतो."

"रोज?" माधवनं विचारलं.

"रोज."

माधवनं खाचेत भरलेल्या मिठाला बोट लावलं. मग सरकला आणि त्यानं अप्पांना शेजारी जागा केली.

दोघं होडी फिरवून घरी आले, तेव्हा दाराशी तांब्या भरलेला होता. कालिंदी वाकली, पण अप्पांनी तो आधीच उचलला आणि माधवच्या पायांवर धार धरली. माधव पाय मागे घेणार होता. मग त्यानं ते तसेच राहू दिले.