लाल फडकं

बेंबळीतल्या त्या घराला कडी होती, पण ती वाजवायची नव्हती. दाराच्या भोकातून एक सुतळी बाहेर लोंबत होती. ती ओढली की आत स्वयंपाकघरात टांगलेलं लाल फडकं हलायचं आणि कुणीतरी अनवाणी येऊन दार उघडायचं. गाव त्याला मुक्यांचं घर म्हणायचं. माणसं मुकी नव्हती, फक्त कुणी कुणाला हाक मारत नसे. झोपलेल्याला उठवायचं तर पायाचा अंगठा दाबून.

अशा घरात माझ्यासारखा बडबड्या शिरतो, हाच मुळात विनोद. हृदयाच्या पेशींना सूक्ष्म दारं असतात, त्यांतून क्षार आत-बाहेर करतात आणि त्यावर ठोका चालतो. त्या दारांना आम्ही आयन चॅनल म्हणतो. अर्धं आयुष्य मी पुण्यात काचेच्या बशीतल्या पेशींची असली दारं तपासण्यात घालवलंय. धाराशिवच्या एका डॉक्टर मित्रानं या घरातल्या मुलीचा ईसीजी मला पाठवला. कॉलेजात तास संपल्याची घंटा झाली आणि ती बाकावरच कोसळली होती. ईसीजी पाहिला आणि पुढच्या शनिवारी मी यंत्र पिशवीत घालून निघालो.

दुपारचे तीन वाजले होते. मुलीचे वडील कुजबुजल्यासारखे बोलत होते.

"लग्न ठरलंय हिचं. तुळजापुरात, देवळाजवळ घर. दिवसभर संबळ, गाड्यांचे भोंगे. माझी बहीण अशीच गेली, साहेब. दुपारी पडली होती, शेजारी कुकरची शिट्टी झाली. उठून बसली, म्हणली, 'मला कुणी हाक मारली?' आन् संपली."

"मग हाक कुणी मारली होती?"

"कुणीच न्हाय. गाव म्हणतंय, हाकामारी. ती दारात येऊन नाव घेती. पोरीला पाठवू का नको, तेवढं सांगा."

मी गालात हसलो. त्यांनी सूप पुढं केलं. त्यात घरातले सगळे फोन बंद करून निजवले होते. मी माझा एक फोन त्यात ठेवला. दुसरा खिशातच राहू दिला. एवढ्यानं काय होतंय, असा तोरा होता. आवाजानं दगावणाऱ्या घराण्यांबद्दल ज्यानं पुस्तकातून दुसऱ्यांना शिकवलं, त्या माणसाचा तोरा.

मुलगी बाजेवर डोळे मिटून पडली. यंत्राच्या कागदावर रेघ शांतपणे सरकू लागली. ठोक्यानंतर पेशी रिकामी व्हायला हवी तेवढी लवकर होत नव्हती. तिच्यातलं पोटॅशियमचं दार आळशी होतं. मी खुशीत मान डोलावली आणि खिशात संबळ वाजला. होय, माझी रिंगटोन तीच.

कागदावरची शिखरं एकमेकांभोवती पिळत गेली, वेणी घालावी तशी. मुलीचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. घरातलं कुणी ओरडलं नाही. मी खिशातला फोन दाबत होतो आणि वडील तिच्या पायाचा अंगठा धरून बसले होते. वेणी सुटली. रेघ पुन्हा सरळ चालू लागली.

"बाई होती," मुलगी म्हणाली. "माझं नाव घेतलं तिनं."

"फोन होता गं. माझा."

"व्हय, संबळ पण ऐकला. पण तो तिच्या हाकेनंतर वाजला."

मी त्या दिवशी पुन्हा हसलो नाही. वडिलांना म्हणालो, "आधी सोलापूरला हृदयाच्या डॉक्टरांकडं न्या. गोळ्या रोज, एकही न चुकवता. त्यांनी हो म्हटलं तर पाठवा. पण तुमची रीत सोबत पाठवा."

"अन् हाकामारी?"

"तिच्यावर माझ्याकडं गोळी नाही."

पुढं तिच्या रक्तापासून बशीत वाढवलेल्या पेशींत मला ते आळशी दार सापडलं. ठोका का चुकतो ते कळलं. नाव कोण घेतं ते कळलं नाही. बशीला कान नसतात.

लग्नानंतर वर्षभरानं तुळजापूरला गेलो. गल्लीत संबळ घुमत होता. तिच्या सासरच्या दाराची बेल काढलेली दिसली, नुसत्या वायरी उरल्या होत्या. शेजारी सुतळी. मी ओढली. कुणी आलं नाही. पुन्हा ओढली. तिचं नाव ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं, आणि माझ्याच छातीतले ठोके मोजत उभा राहिलो.

दार तिनंच उघडलं. हात पिठानं माखलेले होते.

"किती ओढताय, सर? फडकं पिठात पडलं की माझं."