पोत्यावर मांडलेला स्टार्टर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग स्वतःचीच थोडी लाज वाटते. त्या प्रकरणात चोरीला काहीच गेले नव्हते, कोणाला इजाही झाली नव्हती. तरीही एका म्हाताऱ्या माणसाचे चालणे-फिरणे कायमचे बंद पडण्याची वेळ आली होती.

दुष्काळाचे वर्ष होते. वडवणी भागातील एका गावात तिथल्या सहकारी सोसायटीने जनावरांची छावणी उघडली होती, आणि सोसायटीची निवडणूकही तोंडावर आली होती. एके दुपारी छावणीतल्या बोअरची मोटर सुरू होईना. जाऊन पाहतात तो स्टार्टर उघडलेला आणि त्याचा एकेक भाग पोत्यावर मांडलेला. लहान स्क्रू एका ओळीत, मोठे दुसऱ्या ओळीत, सगळे फडक्याने पुसलेले. पुढे कडबाकुट्टीच्या यंत्राचे तेच झाले, मग सोसायटीच्या चेअरमनच्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरचे.

चेअरमन पोलीस ठाण्यात माझ्याकडे आले ते तापलेलेच. "साहेब, हे विरोधी पॅनेलचं काम हाय. गुरं तहानली की लोक आमच्या नावानं बोंब मारतील, येवढाच डाव!"

त्यांच्या मागोमाग विरोधी पुढारी. "त्यांनीच खोललं आन् आमच्यावर ढकललं बगा."

मी ठाणे अंमलदाराला दोघांचे अर्ज घ्यायला सांगितले आणि मनाशी कारणही ठरवून टाकले : राजकारण. पंचनाम्यात 'स्क्रू पुसलेले' असे मीच लिहून घेतले होते. घातपात करणारा स्क्रू कशाला पुसत बसेल, हा प्रश्न मात्र मला शिवला नाही.

खबर दिली ती छावणीत म्हशी घेऊन राहिलेल्या एका बाईने. "साखर कारखान्यात फिटर व्हते ना, ते आप्पा हायेत. दुपारी समदी आडवी झाली की येतात. लई गरीब मानूस. मारू नगा त्यांना."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी आणि एक हवालदार साध्या वेशात कडब्याच्या गंजीआड बसलो. आप्पा आले. मोटरीपाशी मांडी घालून त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि पूजेला बसावे तसे ते कामाला लागले. आम्ही समोर जाऊन उभे राहिलो, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"थांबा जरा, येवढा येक नट ऱ्हायलाय."

तो नट निघेपर्यंत आम्ही खरोखरच थांबलो. हवालदार तोंडावर रुमाल धरून हसत होता.

ठाण्यात विचारपूस सुरू केली.

"आप्पा, कोणी सांगितलं हे करायला? चेअरमननी, की दुसऱ्या पार्टीनं?"

"दोगं बी मला कदी चहा पाजत न्हाईत, साहेब. काम कशाला सांगत्याल?"

"मग का खोलता?"

"खोलल्याबिगर ऱ्हावतच न्हाई. घरचा मिक्सर झाला, पंखा झाला. पोरानं पेचकस लपवला, तर सुरीनं रेडिओ खोलला."

"आणि परत जोडत का नाही?"

यावर ते खरेच विचारात पडले. "जोडू वाटत न्हाई बगा."

मला ही बनवाबनवी वाटली. मी आवाज चढवणारा अधिकारी नव्हतो, पण तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा पुन्हा विचारणे हीसुद्धा एक सक्तीच असते, हे तेव्हा मला कळत नव्हते. जबाबावरून नजर उचलली तर माझ्या टॉर्चचे सेल, स्प्रिंग आणि काच टेबलावर ओळीने मांडलेले होते.

आणि मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. चेहरा दगडासारखा झाला. बाकावरून उठायला सांगितले तर उठता येईना.

"साहेब, नाटक हाय," हवालदार कुजबुजला.

तेवढ्यात त्यांची पत्नी धापा टाकत आली. "गोळीची येळ टळली ह्यांची! गोळी न्हाई भेटली की लाकडावानी व्हतात." तिने पाण्याबरोबर गोळी दिली. थोड्या वेळाने हात थांबला आणि आप्पा आपले आपण उठून उभे राहिले. तेव्हा कुठे मी विचारले, "मावशी, हे खोलाखोलीचं केव्हापासून सुरू झालं?"

"पहिलीच्या जोडीला दुसरी गोळी दिली तवापासून. त्याच्या आदी ह्यांनी घरातला बल्ब बी बदलला न्हाई कदी."

आम्ही त्यांना बीडला त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. आप्पांना कंपवात होता. डॉक्टरांनी समजावले की या आजारात मेंदूतले डोपामिन नावाचे रसायन कमी पडते, म्हणून शरीर आखडते. आप्पांची पहिली गोळी मेंदूत जाऊन डोपामिन बनत होती, दुसरी डोपामिनसारखी वागत होती. पण हेच रसायन माणसाला गोष्टींची ओढही लावते, आणि अशा दुसऱ्या गोळीने काहींची ओढ अनावर होते. कोणी जुगार खेळतो, कोणी खरेदी करत सुटतो, कोणी वस्तू खोलत बसतो. "याच्या उलट, डोपामिनचे काम अडवणारी औषधेही असतात," ते म्हणाले. "भास होणाऱ्या मनोरुग्णांना त्यांचा उपयोग होतो, काही उलटी थांबवायला देतात. आप्पांना त्यातली पुष्कळशी चालणार नाहीत. तेव्हा मळमळ झाली तरी मला विचारल्याशिवाय गोळी आणू नका."

सोबत आलेला त्यांचा मुलगा मात्र खाली मान घालून उभा होता. "समद्याच गोळ्या बंद करा, डॉक्टर. ठाण्यात नाव गेलं. केस झाली तर गावात तोंड दाखवता येणार न्हाई."

"मंग मला पुन्यांदा भिताडाला धरून चालाय लावतो व्हय रं?" आप्पा म्हणाले.

अचानक बंद करणे धोक्याचे आहे, असे डॉक्टरांनी बजावले. दुसरी गोळी हळूहळू कमी करायची आणि पहिलीची मात्रा जुळवायची असे ठरले. पण केसचे काय, म्हणून मुलाचे डोळे माझ्याकडे होते. मी चेअरमन आणि विरोधी पुढारी दोघांना ठाण्यात बोलावून सगळे सांगितले. समोरचा निर्दोष निघाला याचे दोघांनाही मनापासून दुःख झाले. तरी दोघांनी अर्ज मागे घेतले. अप्रामाणिक हेतू नव्हता, मुद्देमाल जागच्या जागी होता. मी प्रकरण दप्तरी दाखल करून मिटवले.

त्यानंतरच्या नोकरीत मी 'का केलंस?' या प्रश्नाआधी 'केव्हापासून?' विचारू लागलो. 'का' म्हटले की माणूस बचावाला उभा राहतो. 'केव्हापासून' म्हटले की तो आठवू लागतो. हे मी आधी शिकायला हवे होते, असे आजही वाटते.

काही महिन्यांनी आप्पा मुलाबरोबर ठाण्यात भेटायला आले. कशाला हात लावावासा वाटतो का, असे मी चाचरत विचारले.

"न्हाई बा. परवा सूनबाई मिक्सर दुरुस्त करा म्हनली, तर मी झोपून घेतलं."

ते निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. एसटी सुटायच्या बेतात होती आणि आप्पा झपाझप चालले होते. मुलगा पिशवी सावरत मागून ओरडत होता, "आप्पा, दमानं!"

"तूच ये की बिगीबिगी," मागे न बघता आप्पा म्हणाले.