नणंदेसाठी शिवलेली रजई

माझी नणंद खांबांवर चढते. टेलिफोनच्या तारा जोडायचं काम तिचं, तीस वर्षांचं. कमरेला पट्टा, पट्ट्याला पक्कड, आणि पंचावन्नाव्या वर्षीही पाठ माझ्यापेक्षा सरळ. लग्न केलं नाही. सगळी गल्ली तिला 'तारवाली' म्हणते. मी तोंडावर ताई म्हणते. मनात काय म्हणते ते विचारू नका.

बाई वाईट असती तर माझं सोपं झालं असतं. पण नाही ना! दुखण्याखुपण्याला हजर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी मी तिच्यावर जळते, उगाच कशाला लपवू? माझ्या लेकीचं जेवढं वय तेवढी वर्षं जळतेय, म्हणजे पंधरा. पोर माझ्या मांडीवर रडायची आणि तिच्या खांद्यावर गप्प व्हायची. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत.

मी रजया शिवते. पुढच्या खोलीत मशीन, पलंगाखाली फायबरचे गठ्ठे. नवरा म्हणतो, आपल्याकडे घास घेतला तरी त्यात फायबर सापडतं. सापडू दे. घर त्याच्यावरच चालतं.

तर ताईंना नवीन खूळ लागलं. दोन झाडांना बांधायचा कापडी झोपाळा, त्याला म्हणे हॅमक, आणि त्यात झोपायचं रानात, तेही ऐन थंडीत. घरात चांगला पलंग असताना! थंडी सुरू व्हायच्या तोंडावर लेक त्यांच्याबरोबर एक रात्र जाऊन आली, आणि माझ्या घरात 'आत्या म्हणते' सुरू झालं.

"आई, आत्या म्हणते नाक रजईत घालून झोपायचं नाही, श्वासानं रजई ओलसर होते."

"आत्या म्हणते, गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवायची."

"आत्या म्हणते, झोपायच्या आधी काहीतरी खायचं, रिकाम्या पोटी थंडी जास्त वाजते."

अगं बये, रिकाम्या पोटी झोपू नकोस हे मी तुला जन्मापासून सांगतेय. तेव्हा कान कुठे गेले होते तुझे?

मग एका रविवारी ताई स्वतः आल्या, कापड घेऊन. म्हणाल्या, "वहिनी, हॅमकमध्ये थंडी खालून लागते बघ. अंगाखाली घेतलेली रजई आपल्या वजनानं चेपते, मग तिच्यात ऊब राहत नाही. म्हणून ती बाहेरून टांगायची, पाठीला जेमतेम टेकेल अशी. दोन हव्यात, माझी आणि पोरीची. कडाक्याच्या थंडीत जाणार आहोत. तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार?"

एवढं गोड बोलल्यावर नाही कसं म्हणणार? आणि लेक शेजारी उभी, डोळे लकाकत होते. माझ्याकडे नाही, आत्याकडे बघून.

लेकीची रजई मी मन लावून शिवली. वरचं आणि खालचं कापड एकमेकांना कुठेच चिकटू दिलं नाही. मध्ये उभ्या पट्ट्या लावून कप्पे केले, कप्प्यात भरण सैल सोडलं. तशी रजई हाताला हलकी लागते, पण फुलून राहते, आणि ऊब फुलण्यातच असते.

ताईंची शिवताना हात वेगळाच चालला. मनात म्हटलं, कुडकुडू दे एक रात्र. परत रानाचं नाव काढणार नाही, आणि माझी पोर रविवारी माझ्या घरात राहील. भरण दुप्पट घातलं, वजनदार लागायला. आणि मग आरपार टाके मारत गेले, बोटाबोटाच्या अंतरावर. टाका पडतो तिथे भरण चेपतं, आणि थंडीला नेमकी वाट मिळते. हे रजई शिवणारीला कळतं, खांबावर चढणारीला कळत नाही. वरून काम इतकं देखणं की विचारू नका.

शनिवारी दोघी गेल्या. रविवारी दुपारी परत आल्या. ताईंचं नाक लाल, आवाज पार बसलेला. मला आत कुठेतरी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

लेक पिशवी टाकता टाकता सुरू झाली. "आई, काय गंमत झाली! आत्यानं तिची रजई मला दिली, जड होती ना, म्हणून. म्हणाली, जाड रजई पोरीला. पण रात्री मला जाग आली तर पाठ बर्फ! दात वाजत होते. मग आत्यानं तिच्याखालची रजई सोडून माझ्या खाली बांधली, आणि स्वतः पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. म्हणे दोरी तिनंच चुकीची ताणली होती."

पोरीचे हात हातात घेतले, गाल चाचपले. ठणठणीत होती. "काय करतेस आई," म्हणून तिनं हात सोडवून घेतले आणि चहा ठेवायला आत गेली.

ताईंनी ती रजई मशीनवर ठेवली. हळूच, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी उन्हात धरली होती. टाक्याटाक्यातून उजेड येतोय."

मी उगाच रजईची घडी नीट करत राहिले.

"माझ्यासाठी शिवलेली हीच ना?"

मी मान डोलावली. आता बोलतील, चार शब्द सुनावतील, मीही सुनावेन, पंधरा वर्षांचं सगळं एकदाचं बाहेर पडेल. मी तयारच होते.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "वाटेत मला तीच धास्ती होती, की देताना अदलाबदल झाली आणि ही पोरीसाठीच शिवलेली होती की काय. तिची चांगली होती ना? मग झालं तर. ही तेवढी उसवून दे."

मी कात्री शोधायच्या निमित्तानं खाली वाकले, कारण तोंड दाखवायची सोय नव्हती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला शब्द जुळवत होते, तेवढ्यात आतून लेकीनं हाक मारली, "आत्या, चहा झाला, ये!"

आणि बघा माझं मन. एवढं सगळं होऊनसुद्धा, पोरीनं आधी तिला हाक मारली, यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.