कपाळ सोडून

“नवरीच्या कपाळाला मी हात लावणार नाही, बाकी सगळं करीन,” असं मनस्वी एकदा म्हणाली होती.

म्हणाली तेव्हा तिच्या हातात ओला स्पंज होता आणि समोरच्या खुर्चीत लांज्याची दिशा डोळे मिटून बसली होती. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, मोबाईलच्या दुकानाच्या वर, दर्शनाताईंचा मेकअपचा क्लास होता. मुली जोडीजोडीने एकमेकींच्या चेहऱ्यावर सराव करायच्या. बसमध्ये ‘मला खिडकी नको’ म्हणावं इतक्या साध्या आवाजात मनस्वी ते बोलली. दिशाने एक डोळा उघडला.

“म्हणजे मी अशीच बोडक्या कपाळाने घरी जाऊ? आमची आजी दारातच अंघोळ घालील मला.”

मुली हसल्या. ऋतिका तेवढी हसली नाही. ती पावसची, मनस्वीच्याच वाडीतली. तिने मान खाली घालून ब्रश पुसायला घेतले, आणि ते पुसलेलेच होते.

मनस्वीचा नवरा संदेश मालवाहू बोटीवर फिटर होता. मुंबईच्या ऑफिसातून फोन आला त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. दोन बंदरांच्या मध्ये कुठेतरी तो सकाळच्या कामावर आला नाही. बोट मागे फिरवून शोधलं. “सापडत नाहीत,” फोनवरचा माणूस म्हणाला. बुडाला असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याने संदेशला अहोजाहो केलं, हे मनस्वीच्या लक्षात राहिलं. कायद्याने म्हणे सात वर्षं थांबावं लागतं. तोवर माणूस जिवंतही नसतो आणि मेलेलाही नसतो, आणि त्याची बायको धड इकडची नसते, धड तिकडची नसते.

वाडीने यातून आपली वाट काढली होती. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला बायका यायच्या, पायरीशी उभ्या राहायच्या आणि मनस्वीच्या सासूला म्हणायच्या, “या हं सगळी.” सगळी म्हणजे कोण, हे त्या सांगत नसत आणि घरातली कोणी विचारत नसे. मनस्वी गेली नाही तर का आली नाहीस म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी हटकत नसे. गेली असती तर कोणी हाकललंही नसतं. ती जात नसे. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ती टिकली लावायची, दिव्याचं बटण दाबावं तशी.

सासूने, कमळाने, मात्र आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. “सापडत नाय म्हंजे हरवलाय. हरवलेला माणूस मेलेला नसतो,” असं ती कोणी न विचारताही सांगायची. सासरे आप्पा जन्मभर बोटीवरच होते. मधल्या समुद्रात पडलेल्या माणसाचं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते बोलत नसत. उठायचे आणि आंब्याच्या कलमांत जायचे. एकदाच जेवताना ते मनस्वीला म्हणाले, “कायतरी शीक गो. हातात कायतरी असूं दे.” त्या वाक्यात जे होतं ते कमळाला बरोबर ऐकू गेलं. त्या दिवशी तिने ताट तसंच ठेवलं. मनस्वी मात्र क्लासला जाऊ लागली. तिने मेकअपच का निवडला असं विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. बस स्टँडवर पाटी दिसली होती, एवढंच.

शिकणं तिला सोपं गेलं. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि या कामात ते उपयोगी पडतं. पापण्या चिकटवताना ऋतिकाचा हात थरथरायचा. दिशा लायनर ओढताना श्वास रोखायची आणि रेघ मारून झाल्यावर धापा टाकायची. मनस्वीचा हात टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा स्थिर असे. दर्शनाताई सांगत, स्पंज घासायचा नाही, थापटायचा. सांगत की काळवंडलेल्या जागेवर एकदम उजळ रंग लावला तर ती जागा राखेसारखी दिसते. आधी केशरी रंग लावायचा, मग कातडीचा. सांगत की इथली दमट हवा मेकअपची वैरीण आहे, मुंबईचे व्हिडिओ बघून इथे नवरी सजवाल तर अंतरपाट दूर होईस्तोवर तिचं तोंड गळ्यापर्यंत उतरेल. मुली हसत. मनस्वी ऐके आणि सांगितलं तसं करी. काही दिवसांनी तिला रस्त्यावरची माणसंही तशीच दिसू लागली. एसटीत समोर बसलेल्या बाईचं दुःख तिला दिसत नसे. डोळ्यांखाली कोणता रंग लागेल ते दिसे.

फक्त टिकलीची वेळ आली की ती ब्रश धुवायला मोरीकडे जायची. जोडीदारीण आपली आपण टिकली लावून घ्यायची. बरेच दिवस हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. दर्शनाताईंच्या आलं, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, आणि मग ते वाक्य बोललं गेलं.

त्या दिवशी त्यांनी तिला क्लास सुटल्यावर थांबवून घेतलं. मनस्वीने जमेल तसं सांगितलं. नवरीच्या कपाळाला पहिलं कुंकू सवाष्णीने लावायचं असतं. आपण लावलं तर नवरा आहे असं म्हटल्यासारखं होतं, नाही लावलं तर नाही असं म्हटल्यासारखं. आपल्याला यातलं काहीच माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी लावावं.

दर्शनाताई वाईट बाई नव्हत्या, पण त्यांना धंदा चालवायचा होता. त्या म्हणाल्या, तुळशीचं लग्न झालं की सीझन लागेल, एकेका मुहूर्तावर दोन-दोन नवऱ्या असतील, आणि तुझ्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही. तुला मी टीममध्ये घ्यायला बसले आहे.

“पण मी पालीला एक नवरी करत असेन आणि तू दुसरीकडे एकटी असशील, तेव्हा काय? कपाळ शेजारणीकडून करून घ्या म्हणशील? परीक्षेला तुझं मॉडेल तू आणायचं आणि कपाळ तूच करायचं. नाहीतर सर्टिफिकेटवर मी पार्टी मेकअप लिहीन. ब्रायडल नाही लिहिणार.”

पार्टी मेकअपला रत्नागिरीत कोण विचारतं हे दोघींनाही ठाऊक होतं. मनस्वी बरं म्हणाली आणि बस पकडायला गेली.

ऋतिकाने हे घरी सांगितलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण वाडीत बोललेलं वाडीतच राहतं आणि म्हणून सगळीकडे पोचतं. भाताची कापणी चालू होती. कमळा खळ्यात पेंढ्या रचत होती. मनस्वी बसमधून उतरून आली तशी तिने मागे न वळता विचारलं.

“तू कपाळाला हात लावीत नाय म्हणे.”

“नाही लावत.”

“म्हंजे तुझ्या मनात तो गेला.”

“माझ्या मनात काही नाही, आई.”

हे खरं होतं. पण कमळाने ते उद्धटपणाचं उत्तर म्हणून घेतलं, आणि त्यानंतर सासूसुनांचं बोलणं मीठ-मसाल्यापुरतं उरलं.

परीक्षेला मॉडेल हवं होतं. वाडीत लग्नाच्या वयाच्या मुली होत्या, फुकटात नटायला मिळालं तर नाही म्हणणाऱ्या नव्हत्या. मनस्वी तीन-चार घरी गेली. एकीला ताप होता. एकीला म्हणे क्रीमचं वावडं होतं. एका मुलीने हो म्हटलं आणि तिच्या आईने आतून हाक मारली. मुलगी आत गेली ती बाहेर आलीच नाही, आई चहा घेऊन आली. चहा चांगला होता. नको तुझा हात आमच्या पोरीला, असं कोणीच म्हणालं नाही. मनस्वीला राग आला नाही. ती प्रत्येक घरातून चप्पल घालून निघाली आणि पुढच्या घरी गेली, आणि घरं संपली तेव्हा परत आली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. संध्याकाळी कमळा चुलीपुढे बांगडे साफ करत होती. कोणत्या घरी काय झालं ते तिला सगळं कळलेलं होतं. विळी बाजूला सारून ती म्हणाली, “मी बसते तुझ्यासमोर. बघूया कशी लावीत नायस ती.”

सकाळी दोघी एसटीने निघाल्या. कमळाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि नथ रुमालात बांधून घेतली होती. भाट्याच्या पुलावर बस आली तेव्हा समुद्राकडच्या बाजूला बसलेल्या कमळाने पदर तोंडावर ओढला. ऊन लागतंय, असं ती म्हणाली. ऊन दुसऱ्या बाजूने येत होतं.

क्लासमध्ये खुर्च्यांची ओळ मांडली होती आणि त्यांवर कोवळ्या मुली बसल्या होत्या. त्यांच्यात साठीची कमळा जाऊन बसली तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. दर्शनाताईंनी एकदा मनस्वीकडे पाहिलं, एकदा कमळाकडे.

“का? म्हातारीला नवरी करता येत नाय होय?” कमळा म्हणाली. “आमच्या लग्नात पावडरसुद्धा नव्हती. आता सगळी भरून काढते.”

दिशा फसकन हसली आणि मग बाकीच्याही हसल्या. काम सुरू झालं.

मनस्वीने कापूस ओला करून कमळाचं तोंड पुसायला घेतलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूच्या चेहऱ्याला तिने कधी हात लावला नव्हता. तिच्या पाया पडली होती, आजारपणात तिची पाठ चोळली होती. चेहरा नाही. बोटांखाली नाक आलं. ते संदेशचं नाक होतं, मधे जरासं उंच, शेंड्याला बसकं. भुवईचं हाड संदेशचं होतं. कानाच्या पाळीमागची खोलगट जागा संदेशची होती. बोटांना हे सगळं पाठ होतं आणि ती थांबली नाहीत. तिला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं एवढं कळलं, आणि ती पुढचा डबा उघडू लागली.

म्हाताऱ्या कातडीवर पावडर जास्त झाली तर सुरकुतीत जाऊन बसते आणि वय दुप्पट दिसतं. तिने पावडर जवळजवळ लावलीच नाही. डोळ्यांखाली केशरी, त्यावर कातडीचा रंग, थापटत थापटत. गालावरचे उन्हाचे डाग तिने थोडे राहू दिले. कपाळाच्या मध्यावर टिकलीच्या गोंदाने पडलेला पांढरट डाग होता, वर्षानुवर्षांचा. त्यावर रंग भरताना तिची बोटं पहिल्यांदाच टिकलीच्या जागेवर गेली. पण तो नुसता रंग होता. कमळाने डोळे मिटलेले ठेवले. मनस्वीने पापण्या चिकटवल्या, ओठ भरले, विरळ केसांना गंगावन जोडून खोपा घातला, गजरा माळला, नथ अडकवली. हळूहळू खुर्चीत एक नवरी तयार झाली. ती तरुण दिसत नव्हती. फार उशिरा लग्नाला उभी राहिल्यासारखी दिसत होती, आणि सुंदर दिसत होती. आता कोणी हसत नव्हतं.

बाकीच्या मुलींचं आटोपलं होतं. कमळाचं कपाळ तेवढं कोरं होतं. दर्शनाताई हाताची घडी घालून खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मनस्वीने लाल रंगाची डबी उघडली, बारीक ब्रश बुडवला आणि तशीच उभी राहिली. पंख्याचा आवाज येत होता. खाली दुकानात कोणीतरी रिंगटोन लावून बघत होतं.

“लाव गो,” मिटल्या डोळ्यांनी कमळा म्हणाली. तिचा आवाज आता तितका करडा नव्हता. “माझा नवरा हाय. आणि तुझापण हाय. लाव.”

मनस्वीने ब्रश डबीवर आडवा ठेवला. मेकअप काढायच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवला. स्वतःच्या कपाळावरची टिकली नखाने सोडवली आणि बोळ्यात घेतली. मग कपाळ पुसलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, क्लासमध्ये शिकवलं होतं तसं, न घासता. बोळा खालच्या बादलीत टाकला. ऋतिकाने तोंडावर हात ठेवला. खोलीत जेवढ्या बायका होत्या, तेवढ्या सगळ्यांना समजलं. फक्त कमळाचे डोळे मिटलेले होते.

“डोळे उघडा, आई. पापण्यांचा गोंद सुकलाय.”

कमळाने डोळे उघडले. समोर सुनेचा चेहरा होता, अगदी जवळ, आणि त्यावर काही नव्हतं. ब्रश पुन्हा हातात होता, लाल, कमळाच्या भुवयांच्या मध्याच्या जरा वर थांबलेला. मान वळवायला कमळाला पुरेसा वेळ मिळाला. तिने एवढंच म्हटलं असतं, नको, दुसरीला सांग, तर त्या खोलीत तिला कोणी नावं ठेवली नसती. तिची हनुवटी थोडी हलली. खुर्चीच्या दांड्यावर हिरव्या बांगड्या एकदा वाजल्या.

मग काजळ घालताना मुलींना बघायला सांगतात तसं तिने वर छताकडे बघितलं, आणि डोळ्यांत जे आलं ते तिथेच थांबवून धरलं. कपाळ तिने हलवलं नाही. उलट किंचित पुढे केलं.

मनस्वीने चंद्रकोर काढली. एक टोक, मग दुसरं, मग खालचा ठिपका. रेघ कुठे जाड झाली नाही, कुठे तुटली नाही. तिने मागे सरून बघितलं, डाव्या टोकाला कणभर रंग जास्त होता तो करंगळीने टिपला.

“ब्रायडल लिहिते मी,” दर्शनाताई म्हणाल्या. कमळा अजून छताकडे बघत होती.

मनस्वीने ब्रश धुऊन पालथा ठेवला. डब्या मिटल्या. खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली, आरशांच्या ओळीसमोरून गेली, दारात चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.