कांताचे सात मोकळे गोल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि अप्पांना — म्हणजे माझ्या वडिलांना — तर नाहीच. ते गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तेव्हाही मी दुसरंच काहीतरी बोलत बसले होते. औषधांबद्दल, बहुतेक. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसवेना म्हणून. पण ते नंतर.

मी एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेते. शिकवून शिकवून घसा बसलाय, नाव मात्र झालंय. गावोगावी भाषणाला बोलावतात, आणि विषय ठरलेला असतो — सराव चाचणीतले कमी गुण कसे वाढवायचे. मी उभी राहते आणि सांगते, माझ्या पहिल्या चाचणीत शंभरापैकी सव्वाएकतीस गुण होते. पोरं हसतात. मग सांगते, चार महिन्यांत मी एकाहत्तरवर गेले. पोरं हसायची थांबतात आणि वह्या उघडतात. सव्वाएकतीस खरे आहेत. एकाहत्तरही खरे आहेत. खोटं आहे ते मधलं — 'माझी मीच शिकले' हे वाक्य. आणि त्याच्या पुढचं तर मी सांगतच नाही.

आमचं गाव केजच्या अलीकडे, रस्त्याला लागून. दुष्काळाचं वर्ष होतं. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, आणि सहकारी दूध संस्थेच्या केंद्रात सकाळ-संध्याकाळ खडखडणारे कॅन उपडे पडले. अप्पा त्या केंद्रात दुधाची फॅट काढायचे. काचेची नळी डोळ्यांसमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि आकडा सांगायचा — एवढंच काम. पण आजूबाजूच्या केंद्रांवर त्या आकड्यावरून गचांड्या धरल्या जायच्या आणि आमच्याकडं कधी कुणाचा आवाज चढला नाही. 'अप्पांनी बघितलंय ना?' की विषय संपला.

रिकामा हॉल बघून चेअरमनसाहेबांनी तिथं अभ्यासिका काढली. संस्थेला पुढं शिकलेलं माणूस हवं होतं. मग ठरलं असं, की पदवी झालेल्या पोरापोरींच्या सराव चाचण्या घ्यायच्या, शेवटच्या चाचणीत जो पहिला येईल त्याला संस्था पुण्याला क्लासला पाठवणार, राहण्याजेवणासकट, आणि शिकून झालं की त्यानं परत येऊन संस्थेत काम करायचं. एक जागा. आम्ही नऊजण. शिकवायला कुणी नव्हतं, तपासायलाही नव्हतं. म्हणून पेन्सिलीनं उत्तरांचे गोल काळे करून पेपर झाला की तो शेजारच्याला द्यायचा, अप्पा उत्तरं मोठ्यानं वाचणार — अगदी फॅट सांगितल्यासारखी, एका सुरात — आणि आम्ही लाल पेनानं खुणा करणार. नळीच्या जागी उत्तरांचा कागद आला, बाकी माणूस तोच. त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या शेजारी कांता बसायची. वरच्या वस्तीवरची. तिचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे आणि ही आजीजवळ राहून बी.कॉम. झालेली. माझा पहिला पेपर तिनंच तपासला. सव्वाएकतीस लिहून तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेडेपणा केलाय.

"सगळेच्या सगळे गोल काहून भरलेस गं?"

मी म्हटलं, रिकामं ठेवणं जिवावर येतं. ताटात अन्न टाकल्यासारखं वाटतं.

"येड्ये, मोकळा गोल काही मागत न्हाई. चुकीचे चार भरलेस की तुझा एक बरूबर खात्यात. येत न्हाई ते सोड की."

चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा — हे मलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. त्या दिवसापासून कांता रोज दुपारी माझ्याजवळ बसायला लागली. प्रत्येक चुकीपुढं ती मला लिहायला लावायची — आलंच नव्हतं, घाई केली, की अंदाजानं ठोकलं? माझे निम्म्याहून जास्त अंदाजानं ठोकलेले असायचे. ती चिडवायची, 'आली बघा अंदाजपंचे बाई.' पण सोडायची नाही. पुढच्या चाचणीत मी पन्नाशीच्या आसपास गेले. तिचं स्वतःचं तर बघायलाच नको. कुठं हात घालायचा आणि कुठं नाही हे तिला उपजतच कळायचं. आज मी जे जे शिकवते ते सगळं तिचं आहे. शब्दसुद्धा तिचे आहेत — फक्त मी ते शुद्ध भाषेत बोलते.

आता पुढचं. हे सांगितल्याशिवाय मी केलेलं किती वाईट होतं ते कळणार नाही. उसाच्या फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बायको नसलेल्या पोराचा कोयता अर्धाच. म्हणून आमच्याकडं हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकतात. कांतासाठी असंच एक स्थळ आलेलं होतं. तिच्या बापानं सांगून टाकलं होतं, पुण्याला नंबर लागला तर जा, न्हाई लागला तर दिवाळीच्या आत लग्न, आन् मग फडात. हे तिनं मला पेन्सिलीला टोक करता करता सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. म्हणजे मला माहीत होतं. शेवटची चाचणी सुरू झाली तेव्हा मला हे सगळं माहीत होतं.

आणि माझं काय जाणार होतं? काही नाही. नंबर लागला नसता तर अप्पा पुढच्या वर्षी काहीतरी करणारच होते. मला फक्त — कसं सांगू — मला फक्त एकदा अप्पांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलेलं हवं होतं. इतकंच होतं ते. इतक्यासाठी.

पेपर झाला. अदलाबदल झाली. माझा कांताकडं, तिचा माझ्याकडं. अप्पांनी उत्तरं वाचली. माझी बेरीज तिनं आधी केली आणि उभी राहून ओरडलीच, "एकाहत्तर! काका, हिला एकाहत्तर पडले!" तिचाच नंबर लागल्यासारखी हसत होती. माझ्या हातात तिचा पेपर होता. शहात्तर बरोबर, चौदा चूक, दहा मोकळे. साडेबहात्तर. मी अजून आकडा बोलले नव्हते.

आणि टँकरचा हॉर्न वाजला.

दुष्काळात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हा हॉर्न वेगळा सांगायला नको. टँकर दोन दिवसांनी आला होता. सकाळपासून रस्त्याकडेला घागरींची रांग लावलेली, पण मालकीण जवळ नसली की घागर रांगेबाहेर जायला वेळ लागत नाही. हॉल क्षणात रिकामा झाला. भांडणं होऊ नयेत म्हणून पाइप धरायला अप्पा लागायचे, तेही गेले. मी उठत होते. कांतानं माझा खांदा दाबून मला खाली बसवलं.

"तू बस. बेरीज कर. तुझी घागर मी भरते."

मी बसले.

हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली — असं काही सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. मी हिशेब केला. दहा गोल मोकळे आहेत. सगळे कशाला भरायचे? सात पुरतात. सात पाव म्हणजे पावणेदोन. साडेबहात्तरातून गेले की राहिले पावणेएकाहत्तर. अप्पांचा उत्तरांचा कागद टेबलावरच होता. त्यात बघून मी प्रत्येक ठिकाणी चुकीचा पर्याय निवडला आणि पेन्सिलीनं गोल काळा केला. कांता कडेनं सुरुवात करून आत आत भरत यायची. मीही तसाच भरला. मग लाल पेनानं सात फुल्या मारल्या. ज्या वेळी ती माझी घागर भरत होती त्या वेळी मी हे करत होते. चार महिन्यांत तिनं मला कुठं थांबायचं ते शिकवलं होतं — आणि ते ज्ञान मी कुठं वापरलं बघा.

ती दोन घागरी घेऊन परत आली. माझी तिनं दाराशी सावलीत ठेवली. ओढणीचा पदर निथळत होता. मी म्हटलं, पावणेएकाहत्तर. माझाच आवाज, स्वच्छ.

अप्पांनी कागदावर दोन्ही आकडे लिहिले. बघितले. मग म्हणाले, "पाव गुणाचाच फरक हाय. कांते, परत तपासायचा का?"

पेपर तिच्या हातात होता. ती बघत होती. तिचं बोट पेपरवरून खाली सरकत होतं — एका जागी थांबलं, पुढं गेलं, परत थांबलं. स्वतः मोकळे सोडलेले गोल तिला पाठ असणार. तिला असल्या गोष्टी पाठ असायच्याच. ते बोट किती वेळा थांबलं हे मी मोजलं नाही. मी खाली बघत होते.

"न्हाई काका," ती म्हणाली. "बरूबर हाय. हिनंच तपासलाय ना."

आणि पेपर गठ्ठ्यात ठेवून ती तिची घागर घेऊन गेली. अप्पांनी माझं नाव घेतलं. सगळ्यांसमोर. टाळ्या झाल्या.

ती का बोलली नाही? इतकी वर्षं मी हेच चघळत आलेय. कधी वाटायचं, तिच्या लक्षातच आलं नसेल — या आशेवर मी पुष्कळ दिवस काढले. कधी वाटायचं, तिनं अप्पांकडं पाहिलं असेल. ज्यांच्या आकड्याला गावात कुणी बोट लावलं नाही, त्यांच्या पोरीचं हे कृत्य त्यांच्याच समोर उघडं करायचं तिच्यानं झालं नसेल. की मीच तिला इतकी जवळची होते? हे शेवटचं तर मला विचारही करवत नाही.

दिवाळीच्या आधी तिचं लग्न झालं. मी पुण्यात होते. निरोप आला तेव्हा मी कळवलं की त्या दिवशी माझी चाचणी आहे. चाचणी नव्हती. मी दिवसभर खोलीत बसून होते. पुढं दूध संस्था सावरली नाही, बंदच पडली, त्यामुळे परत येऊन काम करण्याचा प्रश्नच उरला नाही. म्हणजे गावात येऊन रोज कांताच्या वस्तीवरून जायचं — तेही टळलं. मला सुटल्यासारखं झालं, हेही सांगून टाकते. पण सुटका कसली! अजून कुणी गोल भरताना पेन्सिलीचा आवाज आला की मी वर्गाबाहेर जाते. पाणी प्यायला चालले असं सांगते.

आता गेल्या महिन्यातलं. केजला माझं भाषण होतं. नेहमीचंच. सव्वाएकतीस, एकाहत्तर, टाळ्या. संपल्यावर पोरं भोवती जमली. त्यांतली एक सावळी, उंच पोरगी शेवटपर्यंत थांबली. हातात सराव चाचणीच्या निकालाचा कागद. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, त्यामुळे किती प्रश्न घेतले, किती चुकले, सगळं छापून येतं. साडेबत्तीस गुण. शंभरातले शंभर प्रश्न घेतलेले.

मी हसून म्हटलं, "अगं, सगळेच कशाला भरलेस? येत नाहीत ते मोकळे सोडायचे."

"आई सोडू देत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "एक बी मोकळा सोडायचा न्हाई म्हणती. मोकळा दिसला की दुसरं कुणी भरतंय म्हणती." आणि स्वतःच हसली. "आता कॉम्प्युटरवर कोण भरणार? पण तिला किती सांगितलं तरी ऐकत न्हाई. शपथ घातलीय तिनं."

मी आईचं नाव विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"कांताबाई. बाहेर फाटकापाशी थांबलीय. तुमच्याच गावची हाय ती. आत ये म्हणलं तर न्हाई म्हणली."

खिडकीतून फाटक दिसत होतं. उन्हात एक बाई पाठमोरी उभी होती, काखेत पिशवी. माझ्यापासून तीसेक पावलांवर.

ती पोरगी वही उघडून उभी होती. मला एकच वाक्य सांगायचं होतं, जे मी दर भाषणात सांगते, जे तिच्या आईनंच मला सांगितलं होतं. पण ते ऐकून ती फाटकापाशी जाणार, आणि म्हणणार, मॅडम म्हणाल्या मोकळे सोड. मी सांगितलेलं. कांताला. मी. मोकळे सोड म्हणून.

मी म्हटलं, वेळेचं नियोजन कर. रोज वाचन ठेव. आत्मविश्वास महत्त्वाचा. तिनं ते सगळं लिहून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि गेली. मी मागच्या दारानं बाहेर पडले. संयोजकांना सांगितलं, पुण्याला लवकर पोचायचंय.

परवा ती परीक्षा झाली. पोरीनं शंभरच्या शंभर भरले असतील.