आधी पलंग, मग सही

तिचा धंदा काय, हे तिच्या नणंदेला पंधरा वर्षांत उमगलं नाही. "वहिनी तत्त्वज्ञान शिकली आणि आता मोठमोठ्या संस्थांना चांगलं वागायला शिकवते," असं ती कौतुकाने सांगे की टोमण्याने, देव जाणे. संस्थांमध्ये मात्र तिचं नाव 'शंकाबाई' पडलं होतं.

या वेळी शंका होती वृद्धाश्रमातल्या कॅमेऱ्यांची. गेल्या महिन्यात एक आजोबा खोलीत पडले आणि तासभर कोणाला कळलंच नाही, म्हणून प्रत्येक पलंगासमोर एक कॅमेरा बसवायचा होता. व्यवस्थापकांनी कागदावर एकच ओळ लिहून आणली होती : नैतिक हरकत नाही.

"नुसती सही करा, मॅडम. नाहीतर मंडळ दुसरा सल्लागार बघेल."

"बघू दे. मी आधी पलंगावर झोपून बघते."

ते हसले. त्यांना काय ठाऊक! सहा वर्षांपूर्वी एका रुग्णालयाने वॉर्डातले पडदे काढले, नर्सना सगळे रुग्ण एका नजरेत दिसावेत म्हणून. तिने टेबलाशी बसूनच होकार दिला होता. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय. वर्षभरात तिचे वडील त्याच वॉर्डात आले. सगळ्यांदेखत अंग पुसलं जाताना ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिच्याशीही बोलले नाहीत. ती लाज तिला अजून जाळते.

दिवसभर ती नमुना म्हणून बसवलेल्या एका कॅमेऱ्यासमोर पलंगावर राहिली. संध्याकाळी व्यवस्थापक आले तशी उठली.

"आता तुम्ही. दहाच मिनिटं."

"अहो, काहीतरीच काय!" पण दारात दोन आज्या उभ्या होत्या, माघार कशी घेणार? बूट काढून ते आडवे झाले. शर्ट सारखा केला. पायथ्याची चादर गळ्यापर्यंत ओढली.

"थंडी वाजतेय?"

थोड्या वेळाने त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दहा मिनिटं व्हायची होती, पण तिने कॅमेऱ्याचा प्लग उपटला.

"कोणी पडलं तर?" ते उठत हळूच म्हणाले.

"प्रत्येकाच्या हाताशी घंटा द्या, रात्रपाळीला एक माणूस वाढवा." तिने कागदावरचं 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं आणि ठसठशीत सही केली.

"मंडळाला काय सांगू?"

"काही सांगू नका. एकेकाला इथे झोपवा."